वाचकांचे प्रश्न : इंजिनावरचा कठडा, वेताची रिंग आणि स्टेशनातली तार

मागील अंकात मराठवाड्यातील मीटरगेज गाड्यांविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर दिले, त्यानंतर रेल्वेच्या जुन्या संदेशयंत्रणांबद्दल विचारणारी बरीच पत्रे आली. त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. विषय एकच असल्यामुळे वाचकांनी उत्तरे क्रमाने वाचावीत, ही विनंती. आधीच्या उत्तरातला मुद्दा पुढच्या उत्तरात गृहीत धरला आहे.

प्रश्न : जुन्या अमेरिकन रेल्वे इंजिनांची छायाचित्रे पाहण्याचा मला छंद आहे. पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या काही डिझेल इंजिनांच्या टपावर गच्चीच्या कठड्यासारखी नळ्यांची रचना दिसते, मात्र त्याच इंजिनांच्या नंतरच्या छायाचित्रांत ती नसते. हे काय होते आणि का काढले? (एक वाचक, जालना)

तो कठडा म्हणजे अँटेना होता. पेनसिल्व्हेनिया रेलरोडने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 'ट्रेनफोन' नावाची यंत्रणा बसवायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत ती आपल्या मुख्य मार्गांवर पसरवली. धावत्या गाडीतील चालक, शेवटच्या डब्यातील गार्ड आणि वाटेतल्या सिग्नल केबिनमधील कर्मचारी यांना तिच्यामुळे एकमेकांशी बोलता येऊ लागले. वाफेच्या इंजिनांवर हा कठडा टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यावर, बसवलेला असे, डिझेलवर टपावर, आणि मालगाडीच्या गार्डच्या डब्यावर डब्याच्या छपरावर.

नावात फोन असला, तरी आज आपण ज्याला वायरलेस म्हणतो तसा तो नव्हता. इंजिनावरच्या अँटेनात बोलण्याचा विद्युत्प्रवाह सोडला की रुळाशेजारून खांबांवर गेलेल्या तारांमध्ये प्रवर्तनाने तसाच प्रवाह उमटत असे, तारा तो मैलोनमैल वाहून नेत आणि दुसऱ्या गाडीवरची अँटेना त्याच रीतीने तो परत उचलून घेत असे. हवेतून संदेशाला जे अंतर कापावे लागे ते रुळापासून तारेपर्यंतचे, म्हणजे अगदी थोडे होते. त्यासाठी वापरलेली कंपनसंख्या नेहमीच्या रेडिओच्या मानाने फार कमी होती आणि म्हणूनच अँटेना इतकी लांबलचक करावी लागली.

ही कल्पनासुद्धा त्या काळी नवी नव्हती. ग्रॅनव्हिल वुड्स या कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधकाला धावत्या गाडीतून प्रवर्तनाने तारसंदेश पाठवण्याच्या यंत्रणेचे पेटंट १८८७ मध्ये मिळाले होते आणि त्याच वर्षी एडिसनच्या अशाच यंत्रणेचे प्रयोग लीहाय व्हॅली रेल्वेवर झाले होते. तंत्र चालले, धंदा मात्र चालला नाही. गाडीत बसल्या बसल्या तार करण्याची घाई त्या काळच्या प्रवाशाला नव्हती. पन्नासाहून अधिक वर्षांनी तेच तत्त्व रेल्वेच्या स्वतःच्या कामासाठी उपयोगी पडले.

मग ते काढले का? महायुद्धाच्या काळात रेडिओचे तंत्र झपाट्याने सुधारले आणि १९४५ मध्ये अमेरिकेत रेल्वेसाठी अतिउच्च कंपनसंख्येच्या स्वतंत्र वाहिन्या राखून ठेवण्यात आल्या. या नव्या रेडिओला रुळाशेजारच्या तारांची गरज नव्हती, त्याची अँटेना हातभर लांबीची होती आणि संच पुढे हातात धरण्याइतका लहान होत गेला, त्यामुळे मालगाडीच्या कडेने पायी जाऊन ब्रेक तपासणाऱ्या माणसालाही बोलता येऊ लागले. शेजारच्या कंपन्यांनी रेडिओ घेतला होता, आणि एका कंपनीचे इंजिन दुसरीच्या मार्गावर गेले की ट्रेनफोन मुका होत असे. १९६० च्या दशकात पेनसिल्व्हेनियानेही हळूहळू रेडिओ स्वीकारला आणि इंजिनांवरचे कठडे उतरवले. फेब्रुवारी १९६८ मध्ये ही कंपनी न्यूयॉर्क सेंट्रलमध्ये विलीन होऊन 'पेन सेंट्रल' झाली, तोपर्यंत ट्रेनफोनचा काळ सरत आला होता. आपल्या छंदाला एक उपयोग सांगतो : छायाचित्रावर तारीख नसेल, तर कठड्यावरून त्याच्या काळाचा साधारण अंदाज बांधता येतो.

एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवावीशी वाटते. ट्रेनफोनवर माणसे बोलत, सूचना देत, अडचण कळवत. परंतु पुढच्या मार्गावर गाडी नेण्याची परवानगी मुळात सिग्नलवरून किंवा लेखी हुकमावरून मिळत असे. बोलणे वेगळे आणि परवानगी वेगळी. आमच्या मते, जुन्या यंत्रणांपैकी कोणती लवकर गेली आणि कोणती चिवटपणे टिकली, याचे कोडे या फरकातूनच सुटते.

प्रश्न : माझे वडील मीटरगेजच्या काळात पॉइंट्समन होते. थांबा नसलेली गाडी आली की वेताची मोठी रिंग हातात धरून ते फलाटाच्या टोकाला उभे राहत आणि ड्रायव्हर ती चालत्या गाडीतून उचलत असे. रिंगेला बांधलेल्या पिशवीत लोखंडी गोळा असे. तो गोळा कशासाठी होता? तो गेल्यामुळे सुरक्षितता कमी झाली, असे वडील म्हणत. ते खरे आहे का? (एक वाचक, पूर्णा)

आपल्या वडिलांच्या हातात त्या वेळी अख्ख्या गाडीचा जीव असे. मनमाड ते सिकंदराबाद हा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग १८९९ ते १९०१ या काळात सुरू झाला आणि मराठवाड्यात तो जवळजवळ सगळा एकेरी होता. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या मधे एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, हा रेल्वेचा पहिला नियम आहे, आणि तो पाळला गेल्याचा पुरावा ड्रायव्हरच्या हातात असावा म्हणून तो गोळा.

ज्या यंत्रातून तो निघे, त्याला नील्स बॉल टोकन इन्स्ट्रुमेंट म्हणतात. शेजारच्या दोन स्थानकांत अशी दोन यंत्रे तारेने जोडलेली असत. समजा, पूर्ण्याच्या स्टेशनमास्तरांना पुढच्या स्थानकाकडे गाडी सोडायची आहे. ते ठरलेल्या ठोक्यांची घंटा देत, पलीकडचे मास्तर तशाच ठोक्यांनी उत्तर देत आणि मार्ग मोकळा असल्यास आपल्या यंत्राची मूठ 'गाडी येत आहे' या खुणेकडे फिरवत. त्यानंतरच इकडची मूठ 'गाडी जात आहे' या खुणेपर्यंत फिरे आणि एक गोळा खाली येई. तो गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा गोळा निघत नसे; गाडी पलीकडे पोहोचून गोळा तिथल्या यंत्रात टाकला, की मार्ग पुन्हा मोकळा होई. गोळ्यावर दोन्ही स्थानकांची आद्याक्षरे कोरलेली असत आणि त्याच्या खाचांची ठेवण शेजारच्या दोन स्थानकांमधल्या टप्प्याच्या गोळ्यापेक्षा वेगळी असे, त्यामुळे चुकीचा गोळा चुकीच्या यंत्रात जातच नसे. ड्रायव्हरने रिंग उचलली की पिशवीत हात घालून तो अक्षरे वाचून पाही. रात्री पॉइंट्समन एका हातात मशाल धरून उभा राही, म्हणजे रिंग कुठे आहे ते दिसे.

या काटेकोरपणामागे एक मोठा अपघात आहे. इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळ थॉर्प येथे १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि २५ जण मरण पावले. तेथे गाड्या तारेवरच्या संदेशांनी सोडल्या जात. नॉर्विचच्या निरीक्षकाने समोरून येणारी मेल सोडण्याचा मजकूर तारबाबूला सांगितला, त्यावर सही केली नव्हती, तरी तारबाबूने तो पाठवून टाकला. इकडून निरीक्षकाने एक्स्प्रेसही सोडली. चूक ध्यानात येऊन संदेश रद्द करण्याची तार केली, तेव्हा मेल सुटल्याचे उत्तर आले. तारयंत्र निर्दोष चालले होते. दोष असा होता, की शब्द खरा की खोटा, अंतिम की कच्चा, हे सांगणारे त्या यंत्रात काहीच नव्हते. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये टॅब्लेट यंत्राचे पेटंट घेतले. दोन यंत्रे विजेने एकमेकांना कुलूप घालतात आणि परवानगी हातात धरता येईल अशा वस्तूच्या रूपाने बाहेर येते, ही त्याची कल्पना. आपल्याकडचा गोळा त्याच कुळातला आहे.

अमेरिकेत वेगळ्या वाटेने हेच घडले. एरी रेल्वेवर १८५१ मध्ये चार्ल्स मिनॉट यांनी तारेने गाडीला हुकूम पाठवण्याची प्रथा पाडली. पुढे प्रत्येक स्थानकातला तारमास्तर हुकूम पातळ कागदावर उतरवून काठीच्या कड्याला अडकवी आणि रुळाशेजारी उभा राहून धावत्या गाडीला देई. आपल्या वडिलांचे आणि त्या माणसाचे काम पाहिले, तर फरक एवढाच की इकडे गोळा होता आणि तिकडे कागद. १९८० च्या दशकात तिकडे हे हुकूम रेडिओवरून द्यायला सुरुवात झाली. तरीही चालकाने हुकूम छापील तक्त्यावर लिहून घ्यावा आणि परत वाचून दाखवावा, हा नियम ठेवावाच लागला.

आता वडिलांच्या म्हणण्याविषयी. गोळा काढला तो असुरक्षित होता म्हणून नव्हे; तो गाडीला हळू करत होता म्हणून काढला. थांबा नसला तरी प्रत्येक स्थानकात रिंग घेण्यापुरता वेग कमी करावा लागे, रिंग निसटली की गाडी उभी राही, आणि वेगातल्या रिंगेचा फटका बसून पॉइंट्समनचा हात दुखावणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. शिवाय एका दिशेने जास्त गाड्या गेल्या की गोळे एकाच स्थानकात साचत, आणि सिग्नल खात्याच्या माणसाला ते नोंद करून पलीकडच्या यंत्रात नेऊन घालावे लागत. १९९० च्या दशकात मनमाडकडून मीटरगेजचे ब्रॉडगेज होत गेले, गाड्या लांबल्या, वेग वाढला, आणि हळूहळू दोन स्थानकांमधला मार्ग एका वेळी एकाच गाडीसाठी राखणारी, पण गोळ्याविना चालणारी ब्लॉक यंत्रे आली. या यंत्रांत एकमेकांना कुलूप घालण्याचे तत्त्व तेच आहे. परवानगी मात्र गोळ्याऐवजी स्थानकाच्या शेवटच्या सिग्नलवर दिसते, आणि तो सिग्नल पलीकडच्या स्थानकाच्या संमतीशिवाय हिरवा होऊच शकत नाही. गाडी पूर्ण गेली की नाही, हे रुळाला बसवलेली उपकरणे चाकांचे आस मोजून ठरवतात. तेव्हा सुरक्षितता कमी झाली, असे म्हणता येत नाही. परंतु ड्रायव्हरला आपली परवानगी हातात धरून वाचता येत असे, ती आता त्याला दुरून पाहावी लागते. वडिलांची खंत याविषयी असेल, तर ती निराधार नाही.

प्रश्न : लहानपणी स्टेशनमास्तरांच्या खोलीतून तारेची टिकटिक ऐकू येई, आणि रुळाशेजारी तारांचे खांब लांबवर दिसत. हे दोन्ही कधी आणि का बंद झाले? (एक वाचक, परभणी)

टिकटिक आधी गेली, खांब नंतर. मोर्सच्या तारेवर स्टेशनमास्तर एकमेकांना गाडीची खबर देत, लाइन क्लियर, म्हणजे पुढचा मार्ग मोकळा असल्याची संमती, मागत आणि देत. ही लिपी शिकायला महिने लागत आणि एका वेळी एकच जण बोलू शके. टेलिफोन आल्यावर तिची गरज उरली नाही. विभागीय कार्यालयातल्या कंट्रोलरला सेक्शनमधल्या सगळ्या स्थानकांशी एकाच तारेवरून बोलता येऊ लागले. कळ दाबली की हव्या त्या स्थानकाचीच घंटा वाजे, पण रिसीव्हर उचलणाऱ्या दुसऱ्या कुणालाही संभाषण ऐकू येई, त्यामुळे एखाद्या स्थानकातली भानगड दहा मिनिटांत पूर्ण सेक्शनला ठाऊक होत असे. सार्वजनिक तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. रेल्वेच्या कामकाजातून मोर्स त्याच्या बराच आधी बाजूला पडला होता.

टेलिफोनवर परवानगी देण्याची वेळ आली, की थॉर्पचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो : पलीकडून बोलतो आहे तो नक्की मास्तरच आहे का आणि त्याने 'हो' म्हटले का? त्यासाठी रेल्वेत प्रायव्हेट नंबरची पद्धत आहे. प्रत्येक स्टेशनमास्तरांकडे दोन आकडी संख्यांची उलटसुलट क्रमाने छापलेली यादी असते; संमती देताना पुढची संख्या सांगायची, दोघांनी ती वहीत लिहायची आणि यादीत खोडायची. दिसायला फार साधी, पण चांगली युक्ती आहे, आणि आजही ती वापरात आहे.

खांब गेले ते जमिनीखालच्या केबल आणि ऑप्टिकल फायबरमुळे. उघड्या तारा वादळात तुटत, त्यांतले तांबे चोरीला जाई आणि विजेवरच्या गाड्या सुरू झाल्या की वरच्या जास्त दाबाच्या तारेमुळे शेजारच्या टेलिफोनच्या तारांत गोंगाट उमटे. २००० साली रेलटेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि देशभर रुळाशेजारून फायबरचे जाळे पसरत गेले.

प्रश्न : डब्यातली धोक्याची साखळी कधीपासून आहे? पूर्वी ती दोरी होती, असे वाचले, ते खरे का? (एक वाचक, सेलू)

खरे आहे. १८६४ मध्ये लंडनच्या नॉर्थ लंडन रेल्वेवर टॉमस ब्रिग्ज या प्रवाशाचा चालत्या गाडीत खून झाला. बंद कप्प्यातून मदतीला हाक मारण्याची सोय नव्हती, त्यामुळे मोठा गहजब झाला, आणि १८६८ च्या कायद्याने न थांबता २० मैलांपेक्षा जास्त धावणाऱ्या गाड्यांत प्रवासी आणि गार्ड यांच्यात संपर्काचे साधन ठेवणे सक्तीचे झाले. डब्यांच्या बाहेरून, खिडकीच्या वर, गाडीभर दोरी नेण्यात आली. ती ओढली की घंटा वाजावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात खिडकीतून हात बाहेर काढून हातभर सैल दोरी ओढली, तरी घंटेपर्यंत काही पोहोचत नसे, आणि १८७३ मध्ये तिची मान्यता काढून घेण्यात आली. पुढे साखळी थेट ब्रेकच्या नळीला जोडण्यात आली, म्हणजे ओढताच नळीत हवा शिरून ब्रेक लागू लागले आणि निरोप पोहोचवणारा कुणी मधे राहिला नाही. आपल्याकडची साखळी त्याच तत्त्वावर चालते. लग्नसराईत ती कशासाठी ओढली जाते, हे सेलूच्या वाचकाला सांगायला नको. पण रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४१ नुसार विनाकारण साखळी ओढणाऱ्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रश्न : इतकी यंत्रे आली, तरी गार्डच्या हातात हिरवा-लाल बावटा का असतो? (एक वाचक, लातूर)

कारण बावट्याला वीज लागत नाही. गार्डचे अधिकृत नाव जानेवारी २०२२ पासून ट्रेन मॅनेजर झाले आहे, त्यांच्याकडे वॉकीटॉकी असते, तरी त्यांच्या पेटीत बावटे, दिवा आणि फटाके अजून असतात. ब्रॉडगेजवर गाडी वाटेत अडकून शेजारचा मार्ग अडला, तर ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर तीन फटाके, एकमेकांपासून सुमारे १० मीटर अंतराने, रुळावर लावायचे असतात. समोरून येणाऱ्या इंजिनाच्या चाकाखाली ते फुटले की चालक गाडी थांबवतो. ही पद्धत फार जुनी आहे आणि ती काढण्याचा विचार कोणी करत नाही.

प्रश्न : आमच्या मार्गावर 'कवच' बसवले आहे, असे वाचतो. म्हणजे वॉकीटॉकी आणि सिग्नलही आता जाणार का? (एक वाचक, नांदेड)

लगेच नाही. कवच ही रेल्वेच्या लखनौ येथील संशोधन संस्थेने भारतीय कंपन्यांबरोबर विकसित केलेली यंत्रणा आहे आणि जुलै २०२० मध्ये तिला राष्ट्रीय यंत्रणा म्हणून मान्यता मिळाली. दक्षिण मध्य रेल्वेच्या १,४६५ किलोमीटर मार्गावर ती प्रथम बसवली गेली. त्यात मनमाड-मुदखेड-धोणे-गुंतकल आणि परभणी-परळी वैजनाथ-बिदर हे पट्टे आहेत, म्हणजे मराठवाड्याला या बाबतीत एरवी सहसा न मिळणारा पहिला मान मिळाला. रुळांच्या मधे स्लीपरवर लहान चकत्या बसवलेल्या असतात, त्यांच्यावरून जाताना इंजिनाला आपली जागा कळते. स्थानकातील मनोऱ्यावरून रेडिओने इंजिनाला पुढे कुठपर्यंत जाण्याची परवानगी आहे ते सांगितले जाते, आणि चालकाने लाल सिग्नलकडे दुर्लक्ष केले तर ब्रेक आपोआप लागतात.

पूर्ण्याच्या वाचकांना दिलेल्या उत्तराशी हे जोडून पाहावे. ट्रेनफोन माणसाचे बोलणे वाहत असे, वॉकीटॉकीतला रेडिओही तेच वाहतो. कवचमध्ये रेडिओ परवानगी वाहतो, तीही यंत्राने तपासलेली, माणसाच्या आवाजावर न सोपवलेली. परवानगी पुन्हा इंजिनाच्या केबिनमध्ये, चालकाच्या समोरच्या पडद्यावर आली आहे. रुळाशेजारचे सिग्नल मात्र तूर्त कायम राहतील, कारण कवच नसलेली इंजिनेही याच मार्गावर धावतात, आणि एखादी यंत्रणा काढायची तर ती शेवटच्या इंजिनापर्यंत पोहोचल्याशिवाय काढता येत नाही.

वॉकीटॉकीचे काम वेगळे आहे. डब्याचा आस तापला, रुळावर म्हैस आडवी आली, दोन डब्यांच्या मधला पाइप सुटला, हे कवच सांगत नाही. तेथे चालक आणि गार्ड यांना बोलावेच लागते. सध्याचे संच साध्या अतिउच्च कंपनसंख्येवर चालतात, हातातला ५ वॉटचा आणि स्थानकातला २५ वॉटचा. त्यांच्या जागी मोबाइलसारखी यंत्रणा आणण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील ५ मेगाहर्ट्झ लहरी दिल्या आहेत. युरोपात या कामासाठी असलेली जीएसएम-आर ही यंत्रणाही आता जुनी होत आली असून तिच्या जागी नवी आणण्याची तयारी तिकडे सुरू आहे. आपल्याकडे ती थोड्याच मार्गांवर बसवली गेली, त्यामुळे बदलण्याचा खर्चही तेवढा कमी पडेल. नांदेड विभागात नवे मनोरे दोन्ही बाजूंच्या स्थानकांत उभे राहून इंजिनांत संच बसेपर्यंत चालकाच्या खांद्याला लटकलेली आजची वॉकीटॉकी राहणारच.